गळाभेटीचं माप

तबूक, ८ डिसेंबर

ताई,

तीन वर्षांनी तुझा मेसेज आला आणि त्यात 'कसा आहेस' नाही. नुसतं, 'शारीक रजेवर आलाय. तू पिस्तुलांच्या कामात आहेस म्हणाला. मला परवाना मिळतोय. कोणतं घ्यावं ते सांग. फोन करू नकोस. व्हॉइस मेसेज तर नकोच, त्यात तू उंटांवर जातोस. लिही.'

म्हणून लिहितोय. पानांचे फोटो काढून पाठवीन. अक्षर होतं तसंच आहे, आईला सांग.

आधी शारीकचं. तो गावात होता तेव्हापासून थापाड्या आहे. मी शिंप्याच्या दुकानात आहे, पिस्तुलांच्या कामात नाही. जुबैलला पायपाचं काम सोडलं, मग जेद्दाला अल अझीझियात एका पडद्यांच्या दुकानात होतो, तिथे एक पठाण म्हणाला की तबूकला बर्फ पडतो. म्हणून इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, फिरवून इकडे आलो. बर्फ पडतो, पण लांब डोंगरावर. सकाळी आभाळ स्वच्छ असलं की दुकानाच्या गच्चीवरून पांढरी रेघ दिसते, आणि ती बर्फाची की ढगाची यावर आमचा रोज वाद होतो.

दुकान हुसेनमियाँ मास्तरांचं आहे. म्हणजे कागदावर कफीलचं, ज्याच्या नावावर आमचे व्हिसा आहेत त्या अरबाचं, पण कात्री मास्तरांची. रत्नागिरीचे. आम्ही तोब शिवतो, इथले पुरुष घालतात तो पायघोळ अंगरखा. उन्हाळ्याच्या तोबचं कापड इतकं पातळ की खिशातल्या पेनाचा रंग बाहेर दिसतो.

आता पिस्तूल. अबू उसामा म्हणून एक म्हातारबुवा आहेत, शहराबाहेर त्यांची शेती आहे. विहिरीवरून कुणाशी तरी वैर झालं, त्यांचे पाण्याचे पाइप कापले, मग कुत्रा मारला. ते शेतावर एकटे राहतात. सरकारनं त्यांना पिस्तुलाचा परवाना दिला, पण कोणतं घ्यायचं ते त्यांना ठरवता येईना. तीन पसंत होती. तिन्ही कागदावर ठेवून पेन्सिलीनं कडेनं रेघ मारून आणली आणि मास्तरांपुढे पसरली. म्हणाले, "मास्तर, यातलं कोणतं तुझ्या कपड्यात गप्प बसेल?"

मास्तरांनी लाकडाची तीन पिस्तुलं केली. आत मासेमारीच्या जाळ्याची शिशाची गोळी भरून वजन खऱ्याएवढं केलं. पोलिसानं खरं समजू नये म्हणून लाल रंग दिला. आणि ती तोबखाली बांधून हिंडायचं, ते मी. कारण बसून काजं करणं मला जमत नाही हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं.

एवढंच माझं पिस्तुलांचं काम.

आता तू सांग. तू तलाठी आहेस, फौजदार नाहीस. शारीक म्हणतो तू खाडीवर वाळूचा डंपर अडवलास आणि त्यांनी तुझी स्कूटी ढकलून चरात घातली. तू स्कूटीवर होतीस का तेव्हा? हे तू लिहिलं नाहीस.

रोशन


तबूक, १९ डिसेंबर

ताई,

'होते' एवढाच शब्द आला तुझा. मी तो दिवसभर खिशात घेऊन फिरलो.

मोठ्या पिस्तुलाबद्दल सांगतो. मोठं म्हणजे पोलिसांच्या कमरेला असतं तसं. हातात घेतलं की वाटतं, हे असलं म्हणजे झालं. अंगावर घातलं की दुसरं काही वाटतच नाही, फक्त तेच. मी उजव्या कुशीला बांधून बाजारात गेलो. भाजीवाल्यापुढे वाकलो तर ते बरगडीत घुसलं, खुर्चीत बसलो तर वर आलं. चालताना उजवा हात आपोआप लांब राहायला लागला, बगळा पंख वाळवतो ना खाडीवर, तसा. मास्तर म्हणाले, "लपवलंयस कपड्यात आणि दाखवतोयस हातानं."

मग थंडीत रंग नीट वाळलेला नव्हता. भाकऱ्या भाजणाऱ्या अफगाण्याच्या भट्टीपुढे मी शेकत उभा राहिलो आणि पांढऱ्या तोबवर कुशीला लाल डाग उमटला. आधी लहान, मग तळहाताएवढा. मी आपला डोंगराकडे बघतोय. अफगाण्यानं बघितलं आणि भाकरी टाकून मला धरलं. दोघातिघांनी खाली निजवलं. एक जण कलमा म्हणायला लागला. मी सांगतोय, रंग आहे, लाकूड आहे, पण मला अरबीत लाकूड आठवेना. त्यांनी तोब वर केला तर आत लाल पिस्तूल.

अफगाण्यानं ते लाकूड उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, "बेटा, तुझं दुखतंय कुठे?" त्या भट्टीच्या उबेत, लोकांच्या हातांवर पडलेलो असताना मला खरंच वाटलं की कुठेतरी दुखतंय. पण हे सांगायचं नव्हतं.

बाबाजी काकांची ठासणीची बंदूक आठवते? निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला निघायचे, नवऱ्या मुलासारखी ती तेल लावून, फडक्यात गुंडाळून. आणि बंदूक ठाण्यात असताना त्यांना झोप छान लागायची. काकू म्हणायची, एरवी रानडुकराच्या नावानं दर तासाला उठतात. तुझी झोप कशी आहे?

मोठं नको, एवढं नक्की.

रोशन


तबूक, ३ जानेवारी

ताई,

मी मागच्या आठवड्यात पाठवलेलं पान तू वाचलंस, पण त्याचं उत्तर फार कडक दिलंस. मी आपलं सुचवलं होतं. बदली माग, कुत्रा पाळ, शिट्टी ठेव, कोतवालाला बरोबर घेऊन जा. तू लिहिलंस, 'कोतवाल निवृत्त झाला. कुत्रा स्कूटीवर बसत नाही. बदली मागितली की त्यांची वाळू चालू. मी कोणतं विचारलं होतं. घ्यावं का, असं विचारलं नव्हतं.'

मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ही बाई माप घ्यायला सरळ उभी राहील. नाहीतर तू."

बरं. धाकट्या पिस्तुलाचं सांगतो. ते इतकं लहान की मुठीत मावतं. तोबच्या आतल्या खिशात टाकलं आणि विसरलो. खरंच विसरलो, ताई. बसमध्ये झोपलो, थेट शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, तिथे बदामाची झाडं होती, नुसत्या काड्या, आणि एका काडीवर चुकून आलेलं एक फूल. परत चालत आलो. तेव्हा हात लागला, अरे हे आहेच. मला वाटलं हेच तुझ्यासाठी. पण अबू उसामा मान हलवत होते. त्यांनी बंदुकांच्या दुकानात खरं चालवून पाहिलंय. म्हणाले, "हे हातात उडतं. मनगटाला झटका देतं. जे चालवताना दुखतं त्याची तालीम माणूस करत नाही, आणि तालीम नसलेलं हत्यार म्हणजे खिशातला दगड."

मग मला म्हणाले, "शुफ, बघ रोशन. मोठं चांगलं असतं, पण माणूस ते कपाटात ठेवतो. कपाटातलं पिस्तूल कपाटाला वाचवतं."

म्हणून तू एक कर. घरच्या तराजूतलं अर्धा किलोचं माप घे, जुन्या मोज्यात घाल, त्यात थोडी वाळू भर. वाळू तुझ्याकडे असेलच. मोजा कमरेला ओढणीनं बांध आणि आठ दिवस रोजची कामं कर. पर्समध्ये ठेवू नकोस. मास्तर म्हणतात, पर्स हीच पहिली ओढली जाते, आणि तुझी तर स्कूटीच्या हुकाला लटकते.

बाबांच्या दिवसकार्याला मी आलो नाही त्याला या महिन्यात तीन वर्षं झाली. त्याबद्दल इथे लिहीत नाही, पान संपलंय.

रोशन


तबूक, १७ जानेवारी

ताई,

तुझा मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचला. तू माप बांधून खाडीवर गेलीस, पंचनाम्याला वाकलीस तेव्हा ते पुढे घसरलं, आणि कार्यालयात परत आलीस तर तुझ्या खुर्चीवर कुणीतरी ओल्या वाळूचा ढीग घालून गेलं होतं. भर दुपारी. शिपाई म्हणाला, मी चहाला गेलो होतो. 'मी वाळू काढली नाही, स्टुलावर बसून काम केलं,' असं लिहिलंस. आणि मग, 'आईनं माप काढून घेतलं, तिला काजू तोलायचे होते. म्हणाली बंदूक घरात आली तर तुला कोण मागणी घालणार. मी म्हटलं, आता कोण घालतंय?'

मी हसलो आणि मग मशीनखाली पडलेली सुई शोधायचं निमित्त करून खाली बसलो. मास्तरांनी विचारलं, "सापडली?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मग बस अजून."

तुझ्या हाताचं चित्र मिळालं. मी मागितलं होतं ते कागदावर पंजा ठेवून कडेनं मारलेलं. तीन वर्षांत तू मला पाठवलेली मोठ्यात मोठी गोष्ट. मी ते प्रिंटच्या दुकानात नेलं, त्यानं अख्खा कागद भरून काढून दिलं. तुझा पंजा परातीएवढा आला, तो मी भिंतीला लावला. मला काही चुकलंय असं वाटलंच नाही. ताईचा हात असाच असणार. लहानपणी पाठीत बसायचा तेव्हा एवढाच वाटायचा. मास्तर जेवायला गेले होते. मी लाकूड घेतलं आणि त्या पंज्याच्या मापाची मूठ कोरायला बसलो.

अबू उसामा आणि त्यांचा मुलगा उसामा आत आले. उसामानं ती मूठ दोन्ही हातांनी उचलली.

"हे काय, वल्हं?"

"माझ्या बहिणीसाठी पिस्तूल."

"तुझी बहीण कुठे राहते? या डोंगरामागे? मग तिला पिस्तूल कशाला, तिनं नुसतं खाली बसावं."

म्हातारबुवा हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कागदाला आपला पंजा लावला, मग म्हणाले, "हात खरा आहे. कागद खोटा. तिला सांग, बाजूला काहीतरी ठेव, म्हणजे माप कळेल."

तर ताई, पुन्हा काढ आणि बाजूला काडेपेटी ठेव.

तो मोठा पंजा मी काढला नाही. माझ्या मशीनसमोरच आहे. इथे दुपारी वाळूचं धुकं येतं, सगळा रस्ता पिवळा होतो, गाड्या पाण्यातून गेल्यासारख्या जातात. तेव्हा काच लावून घेतो आणि त्या पिवळ्या उजेडात तो पंजा असा दिसतो की जणू भिंतीपलीकडून कुणीतरी थांब म्हणतंय. मग मी थांबतो. काल तीन तोबांची काजं पुरी केली. मास्तर घाबरले, तब्येत बरी आहे ना म्हणाले.

रोशन


तबूक, ६ फेब्रुवारी

ताई,

काडेपेटी मिळाली. तुझा हात इतका लहान आहे हे मला माहीत नव्हतं. बोटं आखूड, तळवा रुंद. करंगळी थोडी वाकडी, ती कधीपासून?

परवाना हातात आला, आणि घ्यायला मुदत असते, असं तू लिहिलंस. म्हणजे आता मला उत्तर द्यायला हवं. देतो. पण आधी परवाची गोष्ट, कारण उत्तर तिच्यात आहे.

अबू उसामांनी शेवटी मधलं घेतलं. तोबही शिवून झाला. पातळ पांढरं कापड, डाव्या बाजूला आत दुहेरी खिसा, खिशाचं तोंड तिरकं, आणि वजन खांद्यावर यावं म्हणून आतून एक पट्टी. हिवाळ्यात हे सोपं असतं, वरून लोकरीची फरवा घातली की तोफसुद्धा लपेल. मास्तरांनी म्हातारबुवांना उन्हाळ्याचाच तोब घालायला लावला, आणि खिशात लाकडाचं मधलं पिस्तूल. चालवलं, बसवलं, नमाजासारखं वाकवलं. मग म्हणाले, "आता शेवटचं माप." आणि सरळ पुढे जाऊन त्यांनी म्हातारबुवांना मिठी मारली.

इथे माणसं भेटली की गळाभेट घेतात, ताई. डोळ्यांना दिसत नाही ते छातीला कळतं. मास्तर असल्या प्रत्येक तोबची परीक्षा अशीच घेतात. समोरच्याला कळलं नाही पाहिजे, आणि ज्याच्या अंगावर आहे त्यानं मागे सरता कामा नये. ज्याचा खिसा चुकलाय तो गळाभेटीत आपोआप मागे सरतो.

अबू उसामा मागे सरले नाहीत. उलट मास्तरांनी हात सैल केले तरी ते तसेच उभे राहिले, डोकं मास्तरांच्या खांद्यावर. उसामा म्हणाला, "बाबा, खलास. मास्तरांना दुसरी गिऱ्हाइकं आहेत." मग मला हळू आवाजात म्हणाला, "कुत्रा मारला तेव्हापासून त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. मला पण नाही."

म्हातारबुवा डोळे पुसत म्हणाले, "हे बसलं." बस्स.

जाताना मी त्यांना तुझं विचारलं. तुझा हात, तुझी स्कूटी, तुझा कुर्ता, सगळं सांगितलं. मास्तर, ते आणि मी कापायच्या टेबलाभोवती बसलो. उसामानं गहवा, म्हणजे इथली कॉफी, आणला. मास्तर म्हणत होते मधल्यासारखं चपटं पिस्तूलच हवं, कापड शांत पडतं. म्हातारबुवा म्हणाले, "ते तोबसाठी. तोब सरळ पडतो. मुलीच्या कुर्त्याला घेर असतो ना?" मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "घेरात फुगवटा मरतो. हे खरं."

आणि मग मला सुचलं ते मी बोललो, की पिस्तुलाचा वरचा भाग आधी मागे ओढावा लागतो, त्याला दोन्ही हात लागतात. ताईचा एक हात स्कूटीवर असतो. म्हातारबुवांनी माझ्याकडे बघितलं आणि गहव्याचा कप माझ्यापुढे सरकवला.

तर, ताई. रिव्हॉल्व्हर घे. बत्तीस बोअरचं, आखूड नळीचं. दुकानात सगळ्यात हलकं दाखवतील, बायकांसाठी म्हणून. ते घेऊ नकोस, त्याच्याहून थोडं जड घे, झटका बराच कमी बसतो. मागचा घोडा मोठा आणि बाहेर आलेला नको, कापडात अडकतो. मूठ धरल्यावर तुझी करंगळी लाकडावरच राहिली पाहिजे, हवेत नाही. ती वाकडी करंगळी. ती जर हवेत राहिली तर दुसरं दाखवा म्हण, दहा वेळा म्हण, तू तलाठी आहेस. मग दर रविवारी रायफल क्लबात जाऊन चालव, कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावर अजून थोडं. घरी कुलपात ठेव, किल्ली आईला सांगू नकोस, ती काजूच्या डब्यात ठेवील.

आणि म्हातारबुवांनी सांगितलेलं एक. दाखवायला म्हणून कधी बाहेर काढू नकोस. दाखवलं की भांडण त्या लोखंडाचं होतं, तुझं राहत नाही.

हे मी आयुष्यात दिलेलं पहिलं सरळ उत्तर असेल. लिहून झाल्यावर मी गच्चीवर गेलो. डोंगरावरची पांढरी रेघ आज नक्की बर्फाचीच होती, आणि मी कुणाशी वाद घातला नाही. तू ते घेऊ नयेस असं मला अजून वाटतं. पण मला वाटणं आणि तुझी खुर्ची, यात वाळू तुझ्या खुर्चीवर आहे.

रोशन


तबूक, २२ फेब्रुवारी

ताई,

बदाम फुलला. रस्त्याच्या कडेला गुलाबी धूर उभा असल्यासारखं दिसतं. एवढंच लिहितो त्याबद्दल.

तुझ्या करंगळीचं ऐकून बरं वाटलं. पाचव्या नगाला लाकडावर बसली, आणि दुकानदार वैतागून म्हणाला, 'मॅडम, बांगडी घेताय का?' त्याला माझा नमस्कार. क्लबात पहिल्या रविवारी सगळ्या गोळ्या मातीत गेल्या, त्यालाही माझा नमस्कार.

माझ्या खोलीतला कादिर उद्या गावी निघतोय, त्याच्याबरोबर दोन कुर्ते पाठवतो. एक मोरपंखी, एक राखाडी. दोन्ही मी शिवलेत, कापण्यापासून काजापर्यंत. मास्तरांनी हात लावला नाही, फक्त उसवायला लावलं, बरेच वेळा. खिसा डावीकडे आत आहे, तोंड तिरकं, खांद्यापर्यंत पट्टी. तिथे लहानसं चामडं शिवलंय, घोडा कापडाला लागू नये म्हणून. तुझं माप कुठून मिळालं असं तुला वाटेल. आईनं पाठवलं. दोरीवर वाळत घातलेला तुझा कुर्ता तिनं विती लावून मोजला आणि शेजारच्या स्वप्नाकडून मेसेज टाकून घेतला. शेवटी लिहायला सांगितलं, 'खिसा जरा खोल घे. वाकताना पुढे येतं.'

म्हणजे तू वाकतेस तेव्हा ती बघत असते.

एक अजून. परवा मी रजा मागितली. कफीलसमोर उभा राहिलो. त्यानं फोनवरून मान वर केली, "किती दिवस?" विचारलं आणि सही केली. एवढंच. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं, ताई. मी कधी मागूनच पाहिलं नव्हतं.

एकवीस मार्चला चिपळूणला उतरतो. तू स्टेशनवर येशील की नाही, मी विचारत नाही. आलीस तर राखाडी कुर्ता घालून ये, आणि त्यात जे असायला हवं ते असू दे. घरी ठेवून येऊ नकोस, माझ्यासाठी म्हणून तर नाहीच. शेवटचं माप बाकी आहे, ते इथून घेता येत नाही.

मी उजवीकडून पुढे येईन. तू फक्त मागे सरू नकोस.

रोशन